पावसामुळे पाऊस बंद

आमच्या घरात पावसाला शिवी द्यायची नाही, असा नियम आहे. माणसांना दिली तर चालते. लाईट गेल्यावर तर दिलीच पाहिजे, नाहीतर ती परत येत नाही असा समज आहे. पण पावसाला नाही. चौथीत असताना दप्तरासकट चिंब भिजून घरी आलो आणि उंबऱ्यातच ‘मेला पाऊस’ म्हणालो. वडील, म्हणजे आण्णा, ओसरीवर चाड्याची दोरी वळत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “परत म्हण.” मी परत म्हटलं नाही. त्याला आता पस्तीस वर्षं झाली, अजून म्हटलेलं नाही.

नियमाला कारण आहे. आमचं येरमाळा बालाघाटाच्या डोंगरावर, धुळे-सोलापूर हमरस्त्याच्या कडेला. अरबी समुद्रावरून निघालेला पाऊस आमच्यापर्यंत येतो, पण वाटेत सह्याद्री त्याचे खिसे तपासून घेतो. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला सहा-सातशे, आणि तोही हप्त्यानं. 2016 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी. तेव्हापासून आण्णा थोडं पाणी घागरीत मोजतात, मध्यम पाणी टँकरमध्ये आणि मोठं पाणी रेल्वेत.

अशा माणसाला घेऊन आम्ही वॉटर पार्कला गेलो.

तसं आमच्या गावाला पाळण्यांचं अप्रूप नाही. चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते. येडाई ही तुळजापूरच्या भवानीची धाकटी बहीण, त्यामुळे थोरलीकडे जाऊन आलेले धाकटीकडे येतातच. पालखी डोंगरावरून उतरून आमराईत येते, ‘उदो उदो’ होतो, माणसं रानात वाकून चुनखडीचे पांढरे खडे वेचतात. आणि हे सगळं चालू असताना खाली आकाशपाळणा, ब्रेकडान्स, मौत का कुआँ आपापल्या कामाला लागलेले असतात. दिल्लीला अप्पू घर 1984 साली सुरू झालं, मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड 1989 साली. तिथं होडीतून जावं लागतं, हे ऐकून आम्हाला होडीचंच जास्त वाटायचं. आमच्या यात्रेतला पाळणा मात्र आज्ज्याच्या काळापासूनचा, आणि तो चालत दारात यायचा.

यात्रेत पाऊस आला तर काय करायचं, याचे नियमही ठरलेले. चैत्र-वैशाखातला वळीव दुपारी तापतो, चारच्या सुमाराला डोंगरामागून काळा होऊन येतो, धुरळा उडवतो, पत्रे वाजवतो, आणि तासाभरात पाव्हणा चहा पिऊन निघावा तसा निघून जातो. तेवढा तास सगळी यात्रा भज्यांच्या ताडपत्रीखाली उभी राहते. भजीवाल्याचा धंदा तिप्पट होतो. मग पाळणेवाला गळ्यातल्या पंच्यानं बाकडी पुसतो आणि “चला बसा” म्हणतो. पैसे परत मागण्याची पद्धत नाही, कारण पैसे आधी घेण्याची पद्धत नाही. एकदा मी पाळण्यात अगदी वर असताना पाऊस आला होता. पाळणेवाला चाक थांबवून ताडपत्रीखाली गेला. खालून आण्णा ओरडले, “घाबरू नगंस! वरून बघ, चोराखळीकडं पडतोय का?” मी भिजत, कापत, दांडी घट्ट धरून बघितलं आणि वरूनच सांगितलं, “पडतोय!” खाली ताडपत्रीतून समाधानाचा आवाज उठला. आमच्या तालुक्याचा पहिला हवामान मनोरा मीच असणार.

पण मुलांना हे पटत नाही. “आपल्या यात्रेत वेव्ह पूल कुठाय?” धाकटीनं विचारलं. यावर येडाईकडेही उत्तर नव्हतं.

म्हणून 2025 च्या मे महिन्यात बेत ठरला. तारीख आमच्या मेहुण्यानं ठरवली. बापू बार्शीचा, मोबाईलवर पटाईत. “दाजी, पंचवीस तारखेचं ऑनलाइन काढलंय. रविवार हाय. सूट घावली.” सूट मिळालेली गोष्ट चांगलीच असते, या समजावर बापूचा संसार उभा आहे. तिकिटाच्या खाली बारीक अक्षरांत चार ओळी होत्या. बापूनं त्या वाचल्या नाहीत. सूट वरच्या ओळीत होती.

शनिवारी रात्री क्रूझर निघाली. आम्ही पाच, बापूचे चार. बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर असं करत पहाटे पुणं ओलांडलं. पार्कचं नाव सांगत नाही. पुढं जे झालं त्यात त्यांचा दोष नाही, आणि नाव घेतलं तर बापू पुन्हा तिकीट काढायचा.

दारात झडती. परीक्षेला भरारी पथक यावं तशी आमच्या पिशव्यांवर धाड पडली. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही. आईनं पंचवीस धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दह्याचा डबा असा सगळा तोफखाना आणलेला. तिनं तिथंच फाटकाबाहेर पंगत मांडली. सकाळी नऊ वाजता नऊ माणसांनी पंचवीस धपाटे संपवले आणि मग जलक्रीडेला निघाले. डब्यात उरले कुंथलगिरीचे पेढे. फाटकावरच्या गणवेशातल्या पोरानं त्यावर बोट ठेवलं. आई म्हणाली, “परसाद हाय, येडाईचा.” पोरगा थांबला. “येरमाळ्याचे का तुम्ही?” तो निघाला परंड्याकडचा. त्यानं टोपी काढून पेढा घेतला, कपाळाला लावला, आणि डबा आत गेला. पार्कच्या नियमांत प्रसादाचं कलम नव्हतं.

आत आणखी एक कलम होतं. पाण्यात उतरायचं तर नायलॉनचाच पोशाख हवा. तो भाड्यानं मिळत होता, वर अनामत. आईनं नऊवारी लुगड्यावर हात ठेवून भाड्याच्या खिडकीकडे असं बघितलं की बाईनं तिला माप विचारलंच नाही. आण्णांनी मात्र नातीच्या हट्टापायी नारिंगी नायलॉनची अर्धी चड्डी घातली. वर सदरा, डोक्यावर पांढरी टोपी. खालून सर्फिंगला निघालेले, वरून ग्रामपंचायतीला. ते लाटांच्या तलावाच्या काठावर उभे राहिले. भोंगा वाजला, लाटा सुटल्या, चार-पाचशे माणसं एका सुरात किंचाळली. आण्णांनी डोळे बारीक करून लांबी पाहिली, रुंदी पाहिली.

“दीड रेल्वे हाय,” ते म्हणाले.

“आण्णा, हे तेच पाणी गाळून परत वापरतात,” मी म्हणालो. हे शाळेत शिकवल्यासारखं म्हणालो, कारण मला स्वतःलाही ते पटवायचं होतं. आण्णांना ते आवडलं. “मंजी आपल्या शेततळ्यावानी. फकस्त ह्येच्यात मानसं सोडल्यात.”

मग आला रेन डान्स. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वर नळ्यांची जाळी असते, तिला बारीक भोकं असतात, त्यातून पाणी पडतं, मोठ्यानं गाणी लागतात, आणि खाली माणसं पावसात नाचल्याचं करतात. आमच्याकडे पावसात नाचणं हा प्रकार जून कोरडा गेल्यावर जुलैत होतो, आणि त्याला गाणं लागत नाही. आण्णा जाळीखाली जाऊन मान वर करून बघत राहिले. त्यांना नळी कुठं जोडली आहे ते बघायचं होतं. बायको म्हणाली, “आवं, मामांना बाहेर काढा, टोपी भिजली.” पण आण्णा हलेनात. थेंब चांगले टपोरे होते. “ह्यो तुषार सिंचनचाच संच हाय,” ते म्हणाले. “अनुदान घेतलं असंल.”

सव्वा वाजता डोंगरामागून अंधारून आलं. वारा सुटला, छत्र्या उलट्या झाल्या, आणि पहिला गडगडाट असा झाला की आमच्या शेजारचं तेरखेडा आठवावं. तेरखेड्याला फटाक्यांचे कारखाने आहेत. त्या आवाजाची आम्हाला लहानपणापासून पारख आहे. आई पेढ्याचा डबा झाकत म्हणाली, “ह्यो चांगला माल हाय.”

आणि पाऊस आला. खराखुरा, बादलीनं ओतल्यासारखा.

भोंग्यावर घोषणा झाली. उंच पाळणे थांबले, घसरगुंड्या थांबल्या, लाटा थांबल्या. हे बरोबरच आहे. विजा चमकत असताना सगळ्यांत उंच लोखंडावर जाऊन बसणं आणि पाण्यात डुंबणं या दोन्ही गोष्टी शहाणपणाच्या नव्हेत; शिवाय ओल्या रुळावर ब्रेकची पकड कमी होते. हे सगळं मान्य. पण तेवढ्यात एक माणूस प्लास्टिकची साखळी घेऊन आला. त्यानं ती रेन डान्सच्या तोंडाला अडकवली आणि तिच्यावर पाटी टांगली. आमच्या धाकटीनं ती मोठ्यानं वाचली:

“पावसामुळे रेन डान्स बंद.”

तिथं विजेचे दिवे असतात, स्पीकर असतात, म्हणून बंद, हेही बरोबरच. पण आण्णांनी तिच्याकडून पाटी दोनदा वाचून घेतली. मग ते हसायला लागले. आधी गालात, मग खांदे हलवून, मग नारिंगी चड्डीवर हात मारून. “खरा राजा दारात आल्यावर,” डोळे पुसत ते म्हणाले, “बहुरूप्यानं खाली बसायचंच असतंय.”

आता दोन-तीन हजार माणसं एका पत्र्याच्या छपराखाली जमली. गंमत अशी की त्यातली निम्मी आधीच ओलीचिंब होती. पाण्यात खेळायला पैसे भरून आलेली, नायलॉन घातलेली, केसांतून पाणी निथळणारी माणसं पावसापासून वाचायला धावत होती. भिजायचं तर तिकिटातल्या पाण्यानं. फुकटच्या पाण्यानं भिजणं कोणाला परवडत नव्हतं.

बापूनं मोबाईल काढला. जगात लोक काय करतात ते बघू म्हणाला. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये डिस्नेचं मोठं पार्क आहे, तिथं उन्हाळ्यात जवळजवळ रोज दुपारी गडगडून पाऊस येतो. लोकांना ते माहीत असतं, ते सकाळीच खेळून घेतात आणि दुपारी मिकी माऊसचा रेनकोट विकत घेतात. जपान्यांनी आणखी डोकं चालवलं. 1983 साली टोकियोजवळ डिस्नेलँड बांधलं तेव्हा दारातल्या बाजारपेठेवर काचेचं छप्परच घालून टाकलं. “बघा दाजी, प्लॅनिंग!” बापू म्हणाला. आई म्हणाली, “ताडपत्री घातली म्हन की.”

छपराखाली एक टेबल लागलंच होतं. पातळ प्लास्टिकचे रेनकोट, दीडशे रुपये नग. नऊ नगांचा हिशोब बापूनं मनात केला आणि चेहरा पाडला. आण्णांनी एक नग हातात घेऊन दोन बोटांत चोळला. “युरियाची पिशवी बी ह्यापरीस जाड असती.”

मग त्यांनी परंड्याच्या पोराला हाक मारली आणि काहीतरी सांगितलं. पोरगा आत गेला आणि कचऱ्याच्या डब्यांना लावायच्या मोठ्या काळ्या पिशव्यांचा कोरा गठ्ठा घेऊन आला. एक पेढा त्याच्या हातावर ठेवला गेला.

खोळ करायला येत नाही असा माणूस आमच्याकडे नाही, पण शहरातली पिढी वाचत असेल तर कृती लिहून ठेवतो. पोतं आडवं धरायचं. खालचे दोन कोपरे असतात, त्यातला एक कोपरा आत दाबत दाबत दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन बसवायचा. टोपीसारखं टोक तयार होतं. ते डोक्यावर घ्यायचं, बाकीचं पोतं पाठीवरून पोटरीपर्यंत लोंबतं. दोन्ही हात मोकळे. वाकलं तरी पाणी मानेत जात नाही. त्यात खुरपणी होते, म्हशी राखता येतात, आणि पोतं खताचं असल्यानं पाठीवर कंपनीची जाहिरातही होते. त्यापुढे दीडशे रुपयांचा रेनकोट म्हणजे दोन हात शिवलेलं कांद्याचं साल.

आण्णांनी नऊ खोळी केल्या. शेजारच्या बाईनं विचारलं, “काका, आमच्या बाळाला एक?” मग आणखी एक, मग रांग. पंधरा मिनिटांत त्या छपराखाली काळ्या खोळी घातलेली तीस-चाळीस माणसं झाली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, एखादा मोर्चा निघालाय. टेबलावरचा रेनकोटवाला आण्णांकडे बघत होता. आण्णांनी त्यालाही एक दिली.

“थांबा सगळे,” आता आण्णांना अधिकार आला होता. “जाऊ नगा कुठं. वळीव हाय. तासाभरात उघडतंय.”

तास झाला. उघडलं नाही. दोन तास झाले. ज्यांनी आण्णांवर विश्वास ठेवला ते अधूनमधून आण्णांकडे बघू लागले. आण्णा आभाळाकडे. वळीव असता तर एव्हाना ऊन-सावली झाली असती, गारा तरी पडल्या असत्या. हा पाऊस एका तालात, घाई नसल्यासारखा पडत होता. आण्णांनी आईस्क्रीमचा लाकडी चमचा उचलला, खोळ सावरली आणि हिरवळीच्या कडेच्या फुलांच्या वाफ्यात जाऊन उकरायला बसले.

शिट्टी वाजली. “काका! काय हरवलं?”

“काय न्हाई. वल बघतोय.”

सुरक्षारक्षक त्या भागातला नवा असावा. त्याला वाटलं, काकांची कुणी वलू नावाची नात हरवली. तो बिचारा वाफ्यापर्यंत धावत आला. आण्णांनी त्याला मातीत घातलेली बोटं दाखवली. “चार बोटं गेलीय. अजून एकदा असाच झाला तर घात येतंय.” कृषी खातं दरवर्षी सांगतं, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. त्या वाफ्यात झेंडू होता, पण आण्णांच्या मनात सोयाबीन उगवायला लागलं होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. चुलतभाऊ, गावाहून. आमच्याकडे अशा फोनला ‘कसे आहात’ नसतं. “तिकडं हाय का?” त्यानं विचारलं. “हाय. तिकडं?” “लय! काढलेला कांदा भिजला, पर वढ्याला पानी आलं.” मी आण्णांना सांगितलं. कांद्याला ते एकदा ‘च्च’ म्हणाले. ओढ्याला काही बोलले नाहीत, फक्त नारिंगी चड्डीत उभे होते ते खाली बसले.

चार वाजता पार्क बंद झाल्याचं सांगितलं. बापू पैसे परत मागायला खिडकीवर गेला तेव्हा त्याला तिकिटाच्या खालच्या चार ओळी वाचून दाखवण्यात आल्या. हवामानाला आम्ही जबाबदार नाही, असा त्यांचा सारांश. बापू चिडला. तेव्हा खिडकीतल्या मुलीनं नम्रपणे एक कागद पुढं केला: आपला अभिप्राय. त्यात एक रकाना होता, ‘तक्रार कोणत्या बाबतीत?’ बापूनं पेन मागितलं, दात-ओठ खाऊन लिहिलं: ‘पाऊस’.

आण्णांनी चष्मा नीट करून ते वाचलं. पेन त्याच्या हातातून काढून घेतलं. ‘पाऊस’ या शब्दावर सरळ एक रेघ मारली, दुष्काळी यादीतून गावाचं नाव खोडावं तशी. “बापू,” ते म्हणाले, “लिवून तर अजिबात द्यायचं न्हाई. कुठं जातंय कागूद, काय सांगावं.”

बापू गप्प झाला. रकाना मोकळा ठेवणं बरं दिसेना, म्हणून त्यानं खाली लिहिलं: ‘वडापाव गार होता.’

परतीच्या वाटेवर मोबाईलवर बातम्या येत होत्या. आदल्या दिवशी, 24 मेला, मोसमी पाऊस केरळात पोचला होता. आम्ही छपराखाली उभे होतो त्याच दिवशी तो कोकणात देवगडपर्यंत आल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं, आणि दुसऱ्या दिवशी तो मुंबईत पोचला. मुंबईची त्याची नेहमीची तारीख 11 जून. इतक्या लवकर तो पाऊणशे वर्षांत आला नव्हता. म्हणजे आण्णांचं चुकलं ते एवढंच, की आयुष्यभर ज्याची वाट बघितली तो ठरल्या वेळेआधी येईल, ही शक्यता त्यांनी धरलेली नव्हती. त्या रविवारी रोहिणी नक्षत्र निघालं होतं. आमच्याकडे रोहिणीचा थेंब पडला तरी लोक एकमेकांना फोन करतात; इथं मृगाचाही बाप आला होता आणि त्याच्यासमोर प्लास्टिकची साखळी लावून ठेवली होती.

इंदापूरच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली. बारामती-इंदापूर पट्ट्यात त्या दिवशी असा पाऊस झाला की बचाव पथकं बोलवावी लागली. रस्त्यावर चाक बुडेल इतकं पाणी, त्यातून क्रूझर होडीसारखी चाललेली. “एस्सेलवर्ल्डला असंच होडीतनं जायचे,” मी मुलांना म्हणालो. मुलं खिडकीला नाक लावून किंचाळत होती. लाटा पार्कातल्यापेक्षा मोठ्या होत्या आणि भोंगाही सगळ्या गाड्यांचा मिळून मोठा होता. बायको तेवढी घाबरली होती. “आत्या, येडाईचं नाव घ्या,” ती म्हणाली. आईनं नाव घेतलं आणि उरलेले पेढे वाटले.

पहाटे येरमाळ्यात उतरलो. गावातही बारीक रिपरिप चालू होती. चौकातल्या हॉटेलात चहा उकळत होता, चार-सहा माणसं बाकावर पाय वर घेऊन बसलेली. आण्णा डोक्यावरची काळी खोळ न काढताच आत गेले.

“आलाव व्हय आण्णा? कसं काय झालं पार्कात?”

आण्णांनी बशीत चहा ओतला, एक फुरका मारला.

“चांगला झाला,” ते म्हणाले. “चार बोटं वल गेली.”

कुणीच पुढं काही विचारलं नाही. बाकावरच्यांनी सरकून त्यांना जागा दिली.